मधुमेह आणि आमवात एकत्र असताना चवड्याखालची जखम: औषध बदलण्याआधी कारण शोधावे

प्रश्न असा आहे. जिंतूर तालुक्यातील एका गृहस्थांच्या ५६ वर्षांच्या आईंना १२ वर्षांपासून मधुमेह आणि ८ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो, आहे. त्या मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ मिलिग्रॅम रोज सकाळी आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतात. उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, चवड्याखाली, तीन महिन्यांपासून जखम आहे. ती दुखत नाही, पण भरतही नाही. एका डॉक्टरांनी वाताच्या सगळ्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, दुसऱ्यांनी एक्स-रे पाहून हाड सडले आहे, बोट काढावे लागेल असे सांगितले, आणि दरम्यान तीन प्रकारची अँटिबायोटिक घेऊन झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ९.२ आहे. आईंना नवरात्रात तुळजापूरला पायी जायचे आहे. अशा वेळी काय करावे?

तुमच्या आईंचा पाय मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. त्यामुळे पुढे लिहिले आहे ते तुम्ही दिलेल्या वर्णनावर आणि मराठवाड्यात अशा रुग्णांवर वर्षानुवर्षे केलेल्या उपचारांच्या अनुभवावर आधारलेले आहे. तीन गोष्टी मात्र पाय न पाहताही सांगता येतात. वाताच्या गोळ्या एका फटक्यात बंद करू नयेत. बोट काढण्याचा निर्णय काही तपासण्या झाल्याखेरीज घेऊ नये. आणि त्या चवड्यावर पडणारा भार आजपासून थांबवावा, कारण तीन महिन्यांत बाकी पुष्कळ काही झाले असले तरी ही एक गोष्ट कोणी केल्याचे तुमच्या पत्रात दिसत नाही.

मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाला जखम का होते आणि ती का भरत नाही, याची तीन कारणे नेहमीची आहेत: बधिर पायावर पुन्हा पुन्हा पडणारा दाब, रक्तपुरवठ्याची कमतरता आणि जंतुसंसर्ग. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, मग तो आमवात असो, ल्यूपस असो किंवा स्क्लेरोडर्मा, सोबत असेल तर चौथे कारण येऊन मिळते, ते म्हणजे जखम त्या आजारानेच केलेली असू शकते. घोळ इथेच होतो, कारण या चार कारणांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात. खोल संसर्ग असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे काही काळ थांबवावी लागतात. रक्तवाहिन्यांचा दाह, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस, असेल तर तीच औषधे वाढवावी लागतात. दाबाची जखम ब्लेडने खरवडून स्वच्छ केली की भरू लागते. पायोडर्मा गँग्रिनोसम ही आजारानेच होणारी जखम ब्लेड लागले की आणखी पसरते. म्हणून जखम कशाची आहे हे ठरण्याआधी गोळी बंद करणे आणि बोट कापणे या दोन्ही गोष्टी घाईच्या ठरतात.

तुमच्या वर्णनावरून ही जखम प्रामुख्याने दाबाची वाटते. आमवातात चवड्याचे सांधे ढिले होतात, अंगठा बाहेरच्या बाजूला झुकतो आणि दुसऱ्या बोटाला वर ढकलतो, बोटे नखीसारखी आकडतात आणि बोटांच्या मुळाशी असलेली हाडांची टोके खाली उतरतात. त्या टोकांखाली निसर्गाने चरबीची जाड गादी दिलेली असते. ती पुढे सरकून बोटांच्या दिशेला निघून जाते. परिणामी उभे राहिले की शरीराचे वजन कातडी आणि हाड यांच्यामध्ये काहीही न उरलेल्या एक-दोन बिंदूंवर येते. तिथे आधी घट्टा धरतो. घट्टा स्वतःच खड्यासारखा दाबू लागतो, त्याच्या आत रक्त साकळते, आणि एक दिवस कडेने पाणी येऊ लागते. घट्टा ब्लेडने पातळ पातळ सोलत नेला की पिवळट थरातून आधी तपकिरी आणि मग काळसर ठिपका दिसतो, आणि तो ठिपका निघाला की खाली बाहेरून दिसत होती त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंदीची जखम सापडते. हे सर्व चालू असताना रुग्ण शांतपणे शेतातल्या गप्पा सांगत असतो, कारण त्याला काहीच कळत नसते.

इथे एक गैरसमज मी घरोघरी ऐकतो. रुग्ण म्हणतात की पाय तर रात्रंदिवस ठणकतो, मग तो बधिर कसा असेल? ठणका सांध्याचा असतो किंवा नसा बिघडल्यामुळे होणाऱ्या जळजळीचा असतो. कातडीची संरक्षक संवेदना ही निराळी गोष्ट आहे आणि ती गेलेली असू शकते. दवाखान्यात ती १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूने आणि १२८ हर्ट्झच्या कंपनकाट्याने तपासतात. घरी करायची एक सोपी चाचणी आहे. आईंना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या टोकाला तुमच्या बोटाने अगदी हलका, एक-दोन सेकंदांचा स्पर्श करा. दाबू नका, घासू नका. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर पायाची संरक्षक संवेदना गेली असे समजावे. त्याच वेळी अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा आहे का हेही पाहावे. कुष्ठरोग आपल्या भागातून पूर्ण गेलेला नाही, आणि मधुमेह आहे म्हणून पाय मधुमेहानेच बधिर झाला असे गृहीत धरून तो निदानातून सुटलेला मी पाहिला आहे.

बधिर पायाच्या जखमेचे शास्त्र आपल्याकडे कुष्ठरोगातूनच आले, हे थोडे विषयांतर होईल, पण सांगण्यासारखे आहे. शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि तिथल्या कामातून त्यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णांचे मांस आपोआप झडत नाही; दुखत नसल्यामुळे रुग्ण जखमेवर चालत राहतो आणि त्याने पाय झिजतो. पायाला घट्ट बसणारे प्लास्टर घालून ती जखम भरते, हे तंत्र त्यांनी पुढे अमेरिकेतही नेले आणि तिथे ते मधुमेहींसाठी वापरले जाऊ लागले. आज आपल्याकडे सहज मिळणारी मऊ एमसीआर रबराची चप्पलही त्याच कुष्ठरोगाच्या कामातली आहे.

आजही चवड्याखालच्या, संसर्ग नसलेल्या आणि रक्तपुरवठा चांगला असलेल्या जखमेवर गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला स्वतः काढता न येणारे प्लास्टर किंवा बूट हाच पहिल्या पसंतीचा उपचार आहे. काढता न येणारे का, तर काढता येणारा बूट रुग्ण दवाखान्यात येताना घालतो आणि घरात काढून ठेवतो. अमेरिकेतील एका पाहणीत अशा बुटाचे रुग्ण दिवसभरातल्या चालण्यापैकी जेमतेम २८ टक्के वेळच तो घालत असल्याचे आढळले होते. आपल्याकडे उंबऱ्याच्या आत पादत्राण चालत नाही, त्यामुळे परिस्थिती याहून बरी असण्याचे कारण दिसत नाही. महागडा बूट परवडत नसेल तर साध्या काढता येणाऱ्या बुटावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून तो पक्का करता येतो. तेही शक्य नसेल तर जखमेच्या जागी भोक ठेवून पायाला चिकटवलेला जाड फेल्ट (नमदा) आणि त्यावर एमसीआरची चप्पल, हा दुय्यम पण उपयोगी मार्ग आहे.

आमवाताच्या रुग्णाला प्लास्टर घालताना मात्र काही गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात, आणि नुसत्या मधुमेहाची सवय असलेल्या दवाखान्यात त्या हमखास राहून जातात. एक म्हणजे हात. मनगटे आणि बोटे वाकडी झालेल्या बाईला साधा वॉकर धरता येत नाही. कोपरापासून पुढचा हात टेकवता येईल असा आधार वॉकरला बसवून घ्यावा, नाहीतर ती वॉकर कोपऱ्यात ठेवून भिंतीला धरत चालेल आणि पडेल. दुसरे म्हणजे प्लास्टरमुळे तो पाय दीड-दोन सेंटिमीटर लांब होतो, आणि आधीच दुखणारा दुसरा गुडघा व कंबर त्याने बिघडतात. म्हणून दुसऱ्या पायातल्या चपलेला तेवढीच उंची द्यावी. तिसरे म्हणजे प्रेडनिसोलोनने कातडी कागदासारखी पातळ आणि हाडे ठिसूळ झालेली असतात. प्लास्टरच्या आत नडगीवर आणि घोट्यावर जास्तीचा कापूस हवा, पहिले प्लास्टर दोन-तीन दिवसांतच उघडून पाहावे आणि नंतर आठवड्याला बदलावे. एप्रिल-मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या वर जातो तेव्हा प्लास्टरमध्ये घामाने कातडी सडते, त्या दिवसांत हे अंतर आणखी कमी करावे लागते.

घरातल्या बसण्या-उठण्याकडे तेवढेच लक्ष हवे. उकिडवे बसले की शरीराचा भार चवड्यावर येतो, म्हणजे नेमका जखमेवर. चुलीपुढे भाकरी थापणे, धुणे आणि भारतीय पद्धतीचा संडास या तिन्ही ठिकाणी हेच होते. पन्नास पावले कमी चालण्यापेक्षा कमोडची खुर्ची आणून दिल्याने अधिक फरक पडतो, असे माझे मत आहे. मांडी घालून बसल्यानेही बाहेरच्या घोट्याच्या हाडावर घट्टा धरून तिथे दुसरी जखम होते. ती आपल्याकडे इतकी सर्रास दिसते की मी पायाची तपासणी घोट्यापासूनच सुरू करतो. आई खुर्चीवर किंवा पलंगावर बसू देत, आणि भाकरी काही महिने दुसऱ्या कोणी थापू देत.

जोडव्यांचाही विचार करावा. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी सूज असेल तर चांदीचे जोडवे कातडीत रुतते, आणि त्याच्या खालची जखम महिनोन्महिने कोणाला दिसत नाही. कित्येकदा जोडवे फिरवून पाहिले की खालून पांढरी, ओली कातडी आणि वास येतो. ते कटरने कापून काढायला एक मिनिट लागते, पण सुवासिनीच्या पायातले जोडवे न विचारता कापू नये. काढलेले जोडवे देवघरात ठेवा, पाय बरा झाल्यावर पाहू, असे सांगितले की बहुतेक जणी तयार होतात. तुमच्या आईंची जखम नेमकी दुसऱ्या बोटाजवळ असल्याने हे आजच पाहून घ्या.

तुळजापूरचे उत्तरही इथेच देतो. या नवरात्रात पायी जाणे नाही. एसटीने किंवा गाडीने जावे. मंदिरात अनवाणी जावेच लागते, तेव्हा फरशी तापण्याच्या आत, पहाटे, जाड मोजे घालून आणि शक्यतो खुर्चीवरून दर्शन घ्यावे. दुपारच्या तापलेल्या दगडाने बधिर तळवा भाजतो आणि ते संध्याकाळी फोड आल्यावरच कळते.

आता रक्तपुरवठा. पायाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची नाडी हाताला लागते का, हे पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही, तरीही ते अनेकदा पाहिले जात नाही. त्यानंतर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर मोजतात; ते ०.९ पेक्षा कमी असेल तर रक्तवाहिनी अरुंद झाली आहे असे मानतात. मात्र जुन्या मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत चुना साठून त्या कडक होतात आणि हे गुणोत्तर खोटेच चांगले, १.३ च्याही वर, येते. तो आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब अधिक खरा असतो. तो ३० मिलिमीटरपेक्षा कमी किंवा घोट्याचा ५० पेक्षा कमी असेल तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे तातडीने पाठवावे, आणि आधी रक्तपुरवठा, मग बोट, हा क्रम सहसा उलटा करू नये. आमवात हा स्वतःही धमन्या लवकर खराब करणारा आजार आहे, त्यामुळे आईंना दोन्हीकडून धोका आहे. मिश्री लावण्याची सवय असेल तर ती आजच थांबवावी. विडी-सिगारेट ओढत नाही म्हणून तंबाखूचा संबंध नाही असे आपल्या बायाबापड्यांना वाटते, पण मिश्रीतून निकोटीन मिळतेच.

हाड सडले आहे हे निदान आमवाताच्या रुग्णात फार जपून करावे लागते, आणि बोट काढण्याबाबत माझी मुख्य शंका इथेच आहे. आमवात स्वतःच चवड्याच्या सांध्यांची हाडे कुरतडतो. एक्स-रेवर तेच कुरतडलेले टोक हाडाच्या संसर्गासारखे दिसते. उलट खरा संसर्ग असला तरी पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ असू शकतो. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या नुसत्या मधुमेहात उपयोगी पडतात, पण आमवात भडकलेला असताना त्या तशाही वाढलेल्याच असतात. एमआरआयमध्येही सांध्याचा दाह आणि हाडाचा संसर्ग वेगळा काढणे कधी कधी अवघड जाते. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात, असे मी सुचवेन. दोन्ही पायांचे एक्स-रे एकाच वेळी काढून ताडून पाहावेत, कारण डाव्या पायाच्या त्याच हाडावर तसाच खड्डा असेल तर तो बहुधा वाताचा आहे. निर्जंतुक बोथट सळईने जखमेच्या तळाला हाड लागते का ते डॉक्टरांनी पाहावे. दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढावा. एवढ्यानेही शंका फिटली नाही तर हाडाचा छोटा तुकडा काढून जंतुतपासणीसाठी आणि सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी पाठवावा. त्यातून संसर्ग सिद्ध झाला तरी चवड्याच्या हाडावर सहा आठवड्यांच्या योग्य अँटिबायोटिकने, बोट न काढता, अनेकदा काम भागते. आमवाताच्या पायात दुसरे बोट काढले की अंगठ्याला झुकायला मोकळी जागा मिळते आणि भार शेजारच्या हाडांवर जाऊन तिथे नवी जखम तयार होते, हेही निर्णय घेताना विसरू नये. गँगरीन असेल, पू हाडापर्यंत भरला असेल, तर बोट काढावेच लागते. त्याला माझा विरोध नाही.

तीन अँटिबायोटिकांबद्दल. जखमेभोवती लाली, सूज, ऊब, पू यांपैकी काही नसेल तर अँटिबायोटिकने जखम लवकर भरत नाही, फक्त पुढच्या खेपेला लागणारी औषधे निकामी होतात. जखमेवर कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात कातडीवरचे कोणतेही जंतू उगवतात. नमुना हवाच असेल तर जखम खरवडून स्वच्छ केल्यावर खालच्या मांसाचा घ्यावा. आणि एक गोष्ट जी मी प्रत्येक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो: मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णाला को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक देऊ नये. ते स्वस्त आहे, सर्वत्र मिळते आणि पायाच्या संसर्गावर सुचवलेही जाते, परंतु या दोन औषधांनी मिळून अस्थिमज्जा दबते, तोंड सोलवटते आणि रक्तातल्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतात. मेडिकलमधून आपल्या मनाने घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकानेही मूत्रपिंडाचे काम मंदावते आणि मेथोट्रेक्सेट शरीरात साठू लागते. ज्यांचे क्रिएटिनिन आधीच वाढलेले आहे त्यांना तर याचा धोका फारच मोठा आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्याच्या ठरलेल्या वारीच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने झालेले अनर्थ सर्वच दवाखान्यांनी पाहिले आहेत.

गोळ्या बंद करण्याच्या सल्ल्याचे आता सविस्तर पाहू. सांधेबदलाच्या शस्त्रक्रियांमधल्या अनुभवावरून आज असे मानले जाते की मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन शस्त्रक्रियेच्या काळातही चालू ठेवता येतात. बंद केल्याने जखमेला फारसा फायदा होत नाही आणि वात मात्र उसळतो. वात उसळला की कोणीतरी स्टेरॉइड वाढवते, आणि जखम भरण्याला खरा अडथळा स्टेरॉइडचाच असतो. म्हणून संसर्ग नसलेल्या जखमेत मी मेथोट्रेक्सेट थांबवत नाही. खोल संसर्ग असेल, ताप असेल, रुग्णालयात दाखल करावे लागले असेल किंवा पांढऱ्या पेशी घटल्या असतील, तर वाताच्या डॉक्टरांशी बोलून ते तात्पुरते थांबवावे. टोफासिटिनिबच्या गोळ्या आणि बायोलॉजिक इंजेक्शने, म्हणजे वातावरची नवी औषधे, यांचा नियम अधिक कडक आहे. संसर्ग आहे तोवर ती थांबवावीत. त्यातले टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन घेणाऱ्यांत सीआरपी वाढतच नाही, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून संसर्ग नाही असा अर्थ काढू नये. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन साखर थोडी कमी करते, ते चालू ठेवण्यास हरकत नाही. डोळ्यांचा पडदा मात्र वर्षातून एकदा तपासावा, कारण तो मधुमेहानेही बिघडतो आणि या गोळीनेही.

प्रेडनिसोलोनचे वेगळे आहे. अनेक महिने रोज घेतल्यावर शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे जवळजवळ थांबवते. अशा वेळी गोळी एकदम बंद केली, आणि त्यातच पायात संसर्ग असला, तर रक्तदाब कोसळणे, उलट्या, ग्लानी, साखर एकाएकी खाली जाणे असे प्रकार होऊन जीव जाऊ शकतो. डोस कमी करणे हे ध्येय योग्य आहे, पण ते वात ताब्यात ठेवून, हळूहळू आणि वाताच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधायचे असते. गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या वाताच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. आई अशी पुडी घेत असतील तर रागावू नका, पण डॉक्टरांना जरूर सांगा, कारण ती थांबवल्यावरही हाच धोका असतो.

साखरेबाबत थोडेच सांगतो. सकाळी प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर अनेकदा बरी दिसते आणि दुपारनंतर चढते, म्हणून जेवणानंतरची आणि संध्याकाळची साखर पाहावी, आणि जखम असेपर्यंत इन्सुलिनला नाही म्हणू नये. आमवाताच्या बायकांत रक्त कमी असणे नेहमीचेच आहे, आणि त्याने एचबीएवनसी चुकीचे येऊ शकते. पायाची जखम असताना डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी, गोळी नव्याने सुरू करू नये. आधीपासून चालू असेल तर तात्पुरती थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारावे. डाळी, अंडी, दूध, शेंगदाणे पोटात जाऊ द्यावेत.

ड्रेसिंगला लोक फार महत्त्व देतात, मी देत नाही. सलाइनने धुऊन, न चिकटणारी जाळी, वर कोरडा गॉज आणि रोलर पट्टी पुरते. चिकटपट्टी पातळ कातडीवर लावू नये, काढताना कातडी घेऊन येते. हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, चुना, मध, गरम पाण्यात पाय भिजवणे, हे सर्व टाळावे. महागड्या मलमांवर पैसे घालण्याआधी घट्टा दर आठवड्या-पंधरवड्याला कोणी तरबेज माणूस सोलतो आहे का, ते पाहावे.

आजारानेच झालेली जखम कशी ओळखावी, हेही माहीत असावे. बधिर पायावरची जखम खूप दुखत असेल, ती तळव्याऐवजी नडगीवर किंवा घोट्याच्या वर असेल, कडा जांभळ्या आणि आतून पोखरलेल्या असतील, आणि खरवडल्यानंतर चार-आठ दिवसांत ती झपाट्याने वाढली असेल, तर पायोडर्मा गँग्रिनोसमचा विचार करून ब्लेड बाजूला ठेवावे. नखांच्या कडेला काळे ठिपके, अंगावर जांभळे पुरळ, किंवा पाऊल एकाएकी लुळे पडणे ही व्हॅस्क्युलायटिसची चिन्हे आहेत. त्यात मोठ्या धमन्यांचा दाब अगदी नॉर्मल असतो. भार पूर्ण काढून, घट्टा सोलून, चार आठवड्यांत जखमेचे क्षेत्रफळ निम्म्याने कमी झाले नाही, तर रक्तपुरवठा पुन्हा तपासावा आणि जखमेच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवावा. जुन्या जखमेत कर्करोग, आणि मातीत अनवाणी काम करणाऱ्यांत बुरशीचा मायसेटोमाही निघतो. याशिवाय पाऊल लाल, गरम आणि सुजलेले असेल पण जखम नसेल, तर ते वात उसळल्यासारखे दिसते. तो मधुमेहाचा शार्को पायही, म्हणजे बधिर पायाची हाडे-सांधे नकळत मोडत जाण्याचा आजारही, असू शकतो, आणि त्याला गोळी वाढवून उपयोग नसतो, प्लास्टर घालावे लागते.

यातले बरेचसे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत होऊ शकते. मराठवाड्यातली जुनी म्हणजे नांदेडचे विष्णुपुरी येथील, संभाजीनगरची घाटी आणि अंबाजोगाईचे. खासगी रुग्णालयात जात असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले योजनेत काय बसते ते आधीच विचारावे. मधुमेहाचा, वाताचा आणि शस्त्रक्रियेचा असे तीन डॉक्टर असतील, तर तिघांच्या चिठ्ठ्या एकाच वहीत चिकटवाव्यात आणि प्रत्येकाला ती वही उघडून दाखवावी; एकाने दिलेली गोळी दुसऱ्याने फोनही न करता बंद करावी, हे मला मान्य नाही.

जखम भरल्यावर एका वर्षात सुमारे ४० टक्के रुग्णांत ती परत होते, म्हणून वाकड्या बोटांसाठी खोल पुढचा भाग असलेले पादत्राण मापाने करून घ्यावे आणि घरातही घालावे. घट्टा तरीही धरत असेल तर वाकलेल्या बोटाची कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, सैल करण्यासारखी छोटी किंवा चवड्याची हाडे सारखी करण्याची मोठी शस्त्रक्रिया विचारात घेता येते, पण रक्तपुरवठा चांगला असेल तरच.

आणि पुढीलपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये: लाली दोन सेंटिमीटरपेक्षा पुढे सरकणे, बोट काळे-निळे पडणे, दुर्गंधी, कातडी दाबल्यावर करकर वाजणे, थंडी वाजणे, उलट्या, किंवा आई नेहमीपेक्षा सुस्त वाटणे. प्रेडनिसोलोन आणि मेथोट्रेक्सेटमुळे ताप येईलच असे नाही, पांढऱ्या पेशी वाढतीलच असेही नाही, म्हणून थर्मामीटरवर विसंबू नये. १०८ला फोन करावा, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावे की यांना रोजचे स्टेरॉइड चालू आहे, शेवटची गोळी अमुक वेळी घेतली आहे.